पाचशे सोळा छिद्रांचा कुटुंबकबिला

बडोद्याच्या वायव्येस कोयली, रणोली, नंदेसरी आणि दक्षिणेस मकरपुरा या भागांत फॅब्रिकेशनचे जे कारखाने आहेत, त्यांच्या आवारात एक वस्तू हटकून दृष्टीस पडते : चार बोटांपासून वीतभर जाडीची पोलादी, वाटोळी तबकडी, आणि तिच्या अंगावर ओळीने, दाटीने, परंतु तिळभरही इकडेतिकडे न सरकलेली शेकडो छिद्रे. हिला ट्यूबशीट म्हणतात. १९६५ साली कोयलीची तेलशुद्धी सुरू झाली, तिच्या आगेमागे खतांचा आणि पेट्रोरसायनांचा पसारा वाढला, आणि तापलेल्या द्रवाची उष्णता थंड द्रवास देण्याचे जे काम अशा प्रत्येक कारखान्यात अहोरात्र चालते, त्यासाठी लागणारे हीट एक्स्चेंजर बनविण्याचा धंदा या शहरात मूळ धरून बसला. पिंपासारख्या लांब शेलमध्ये शेकडो नळ्या भरलेल्या असतात; एक द्रव नळ्यांतून वाहतो, दुसरा त्यांच्या बाहेरून, आणि नळ्यांची टोके ज्या तबकडीत घट्ट बसवितात ती ही ट्यूबशीट. हा सारा प्रपंच पोलादात उतरण्यापूर्वी हल्ली संगणकाच्या पडद्यावर घनरूपाने रचला जातो, आणि एकसारख्या दिसणाऱ्या शेकडो अंगांचा सांभाळ कसा करावा, हा प्रश्न डिझाइनरच्या पुढे प्रथम तेथेच उभा राहतो.

कागदाच्या जमान्यात हा प्रश्नच नव्हता, असे म्हटले तरी चालेल. सयाजीराव महाराजांनी १८९० साली बडोद्यास कलाभवन स्थापन केले, त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर त्याचे पहिले प्राचार्य झाले, दादासाहेब फाळके तेथे शिकून गेले, आणि १९४९ साली विद्यापीठ निघाल्यावर याच संस्थेतून आजची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा उदयास आली. या दीर्घ काळात शाईने ट्रेसिंग कापडावर रेघा ओढणाऱ्या ड्राफ्ट्समनला पाचशे छिद्रे काढण्याची सक्ती कधीच कोणी केली नाही. तो चार वर्तुळे नीट काढी, बाकीच्यांच्या जागी फुल्या मारी, आणि समासात संख्या, व्यास व अंतर यांचा तपशील देऊन मोकळा होई. कारण नकाशा वाचणारा शॉपमधला फिटर शहाणा मनुष्य होता, आणि उरलेली छिद्रे याचप्रमाणे समजावीत एवढे सांगितले की त्यास पुरत असे. संगणकास असे मोघम सांगून भागत नाही. त्याच्या घनाकृतीत प्रत्येक छिद्र प्रत्यक्ष असावे लागते किंवा नसावे लागते. मधला मार्ग नाही म्हणूनच नियम नेमका सांगण्याची कला निर्माण झाली.

तिचे मूळ शोधू गेल्यास ते या विषयाच्या अगदी जन्मकाळी सापडते. १९६३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूटमध्ये आयव्हन सदरलँड या पंचविशीही न गाठलेल्या विद्यार्थ्याने 'स्केचपॅड' नावाचा प्रबंध सादर केला. मार्गदर्शक होते माहितीशास्त्राचे जनक क्लॉड शॅनन. टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने रेषा ओढता येतात, एवढ्यावरच त्याचे समाधान नव्हते. एक मूळ आकृती काढावी, तिचे पाहिजे तितके अवतार पडद्यावर मांडावेत, आणि मूळ आकृतीत फेरफार करताच सर्व अवतारांत तो आपोआप उमटावा, ही योजना त्याने तेव्हाच करून ठेवली होती. पुढे लेनिनग्राडहून अमेरिकेस गेलेल्या सॅम्युएल गाइसबर्ग या गणितज्ञाने १९८५ साली कंपनी काढली आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात 'प्रो-इंजिनिअर' बाजारात आणले. त्यात घनाकृती ही निव्वळ आकृती न राहता फीचरांची क्रमवार बखर झाली : प्रथम तबकडी, मग छिद्र, मग छिद्राची कड मारणे, आणि या प्रत्येक पायरीची नोंद मापांसह दप्तरी दाखल. आज सॉलिडवर्क्सपासून विनामूल्य मिळणाऱ्या फ्रीकॅडपर्यंत बहुतेक कॅड, म्हणजे संगणकावर आराखडा रचणारी, सॉफ्टवेअरे याच घाटाची आहेत. पडद्याच्या डाव्या अंगास उतरत जाणारी जी यादी दिसते, जिला फीचर ट्री म्हणतात, ती हीच बखर.

आता या बखरीत एका छिद्राची पाचशे छिद्रे करण्याचे दोन मार्ग आहेत. एक नक्कल मारण्याचा आणि दुसरा पॅटर्नचा. पडद्यावर दोहोंचे फळ हुबेहूब एकच दिसते, आणि नवशिक्याची फसगत येथेच होते. नक्कल म्हणजे पाचशे स्वतंत्र छिद्रे, प्रत्येकाचे माप त्याच्या स्वतःच्या मुखत्यारीत. पॅटर्न म्हणजे एक छिद्र आणि एक नियम. गायकवाडी अमलात हुजुरातून एक ठराव निघे आणि बडोदे, कडी, नवसारी, अमरेली या चारही प्रांतांत त्याचा अंमल होई; ठराव फिरविला की अंमल फिरे, महालोमहाली जाऊन वहिवाटदारांस वेगवेगळे हुकूम लिहून द्यावे लागत नसत. पॅटर्नचे मर्म एवढेच. आकार काय तो नक्कलही टिकविते. पण हा आकार येथे का आहे, याचे कारण पॅटर्नखेरीज कोठेही नोंदलेले राहत नाही, आणि सहा महिन्यांनी ग्राहकाचे दुरुस्तीपत्र येते तेव्हा उपयोगी पडते ते कारणच.

प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. नळीचा बाहेरचा व्यास १९.०५ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच. या धंद्यातील ही सर्वांत चलनी नळी. दोन शेजारी नळ्यांच्या मध्यांतील अंतर, ज्याला पिच म्हणतात, ते व्यासाच्या सव्वापटीहून कमी नसावे, असा टेमा या अमेरिकन उत्पादक-संघाच्या संहितेचा दंडक आहे. तेव्हा पिच २३.८१ मिलिमीटर. नळ्या समभुज त्रिकोणाच्या शिरोबिंदूंवर बसवावयाच्या, म्हणजे दाटी अधिकांत अधिक साधते. नळी सरकवता यावी म्हणून छिद्र किंचित मोठे, १९.३० मिलिमीटरचे. दोन छिद्रांच्या मध्ये उरणारे पोलाद जेमतेम साडेचार मिलिमीटर. नळ्यांचा सारा जुडगा ६०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात मावला पाहिजे.

कॅडमध्ये ही रचना करण्याचा रुळलेला मार्ग असा, की आडव्या-उभ्या ओळींचे दोन पॅटर्न एकमेकांत गुंफावयाचे. प्रत्येकात आडवे अंतर २३.८१, उभे अंतर त्याच्या वर्गमूळ-तीनपट, म्हणजे ४१.२४; आणि दुसरा पॅटर्न पहिल्यापासून अर्धा पिच आडवा व २०.६२ मिलिमीटर उभा सरकविलेला. परिणाम ठीक येतो. पण वर्तुळाबाहेर पडणारी कोपऱ्यांतील छिद्रे हाताने एकेक वगळावी लागतात, आणि एकच मर्यादा दोन पॅटर्नांच्या दोन याद्यांत सांभाळावी लागते. प्रस्तुत लेखकाच्या मते याहून बरा मार्ग म्हणजे प्रथम एका स्वतंत्र स्केचमध्ये केवळ मध्यबिंदू मांडणे आणि छिद्रांचा पॅटर्न त्या बिंदूंच्या स्वाधीन करणे. बिंदू वर्कशीटमध्ये गणिताने काढावेत, सॉफ्टवेअरमध्ये सोय असेल तर सीमेच्या आत रचना भरणारा पॅटर्न वापरावा, ते ज्याच्या त्याच्या सोयीवर. मध्यावर एक नळी धरून हिशेब केला तर वरील वर्तुळात ५४७ बिंदू पडतात. मधल्या ओळीत २५, आणि तेथून वर-खाली चौदा-चौदा ओळी.

परंतु ५४७ नळ्या बसत नाहीत. द्रव एकदा जाऊन परत यावयाचा असेल तर टोकाच्या पेटीत मध्यभागी आडवी पट्टी घालावी लागते, आणि तिच्यासाठी मधली ओळ मोकळी सोडावी लागते; २५ गेल्या. नळ्यांना आधार देणाऱ्या बॅफल नावाच्या चकत्या जागच्या जागी ठेवण्यास टाय-रॉड लागतात. ते समजा सहा, आणि त्यांनी परिघाजवळच्या सहा जागा बळकावल्या. राहिल्या ५१६. या एकतीस अपवादांची नोंद कशी करावी, हाच खरा कसोटीचा मुद्दा आहे.

बहुतेक सॉफ्टवेअरांत पॅटर्नमधील नको असलेले अवतार वगळण्याची सोय असते : बिंदूवर टिचकी मारली की छिद्र नाहीसे. सोय मोहक आहे, आणि चार-सहा अपवादांपुरती निर्धोकही आहे. तथापि वगळलेल्या जागेची नोंद सॉफ्टवेअर अमुक ओळीतील तमुक क्रमांक अशी करीत असते. ती जागा का वगळली याची त्याला गंधवार्ताही नसते. पुढे मोजणीचा आरंभ ज्या कोपऱ्यातून होतो तो कोपराच हलला, तर क्रमांक तेच राहतात आणि जागा मात्र बदलतात. मग टाय-रॉडच्या ठिकाणी आरपार छिद्र आणि भलत्याच ठिकाणी कोरे पोलाद, असा घोटाळा होतो. तो पडद्यावर सहजी ध्यानात येत नाही, कारण पाचशे छिद्रांच्या गर्दीत एक छिद्र चुकीचे आहे हे पाहणाऱ्याच्या डोळ्यांस कळणे दुरापास्त.

म्हणून अपवादाला अपवाद न मानता त्याचाही स्वतंत्र गट करणे हे शहाणपणाचे. बिंदूंच्या मूळ स्केचमध्येच तीन जमाती पाडाव्यात : नळ्यांचे ५१६, टाय-रॉडचे सहा, आणि पट्टीसाठी मोकळे २५. प्रत्येक जमातीवर वेगळे फीचर बसते. नळीचे छिद्र आरपार जाते. टाय-रॉडचे छिद्र मात्र आंधळे, आटे पाडलेले, आणि तेही एकाच टोकाच्या ट्यूबशीटमध्ये. दुसऱ्या टोकाच्या तबकडीत त्या सहा जागी पोलाद अभंग राहते. बॅफलमध्ये हीच सहा छिद्रे साधी व आरपार असतात. एकाच बिंदूचे तीन भागांत तीन प्रकारे वर्तन होते. ते वगळण्याच्या याद्यांत कोंबण्याचा प्रयत्न केला तर कोणाच्याही बुद्धीचा गोंधळ उडावा, आणि गट पाडले तर शिकाऊ मुलासही उमजावे.

गटाचा दुसरा अर्थ छिद्राच्या आतच दडलेला आहे. नळी छिद्रात बसवून आतून फुगवितात, म्हणजे ती पोलादास चिकटते. पकड अधिक दृढ व्हावी म्हणून छिद्राच्या आतल्या भिंतीवर सुमारे तीन मिलिमीटर रुंद आणि ०.४ मिलिमीटर खोल असे दोन खाचवजा कंगोरे कोरलेले असतात, आणि तोंडाशी कड मारलेली असते. तेव्हा मूळ छिद्र हे एक फीचर नसून चार फीचरांचे कुटुंब आहे : छिद्र, दोन कंगोरे, आणि कड. पॅटर्न करताना ही चारही एकत्र निवडली तर चारही ५१६ ठिकाणी जातात. पण होते काय, की छिद्राचा पॅटर्न आधीच केलेला असतो, कड मारावयाची आठवण मागाहून होते, आणि घाईत ती पॅटर्नच्या खाली, बखरीच्या शेवटी जोडली जाते. अशा वेळी कड त्या एकाच मूळ छिद्रास लागते. ५१५ छिद्रे तशीच राहतात. उपाय सोपा आहे : बखर मागे सरकवून पॅटर्नच्या आधीच्या पायरीवर जावे, कड तेथे घालावी, आणि मग पॅटर्नच्या गटात तिला नाव नोंदवून सामील करून घ्यावे. फीचर ट्रीमधील क्रम हा कालक्रम आहे आणि नियमास आपल्या आधी जन्मलेल्यांचीच माहिती असते, हे एकदा बाणले की निम्म्याअधिक तक्रारी आपोआप मिटतात.

वर्तुळाकार पॅटर्नमध्ये निराळी गंमत आहे. एक्स्चेंजरच्या नोझलवर, म्हणजे पाइप जोडावयाच्या तोंडावर, फ्लँज नावाची जोडकडी असते आणि तिच्या बोल्टांची छिद्रे समान कोनांवर असतात; परंतु उभ्या मध्यरेषेवर छिद्र येता कामा नये, ती रेषा दोन छिद्रांच्या बरोबर मधून गेली पाहिजे, असा पाइपिंगमध्ये जगभर चालत आलेला रिवाज आहे. दहा इंची, १५० वर्गाच्या फ्लँजला बारा बोल्ट असतात, म्हणजे दोहोंत तीस अंश, आणि पहिले छिद्र मध्यरेषेपासून पंधरा अंशांवर. ड्राफ्ट्समन 'पंधरा' असा आकडा टाकून निघून जातो. पुढे दाब वाढल्यामुळे ३०० वर्गाची फ्लँज घ्यावी लागते; तिला सोळा बोल्ट. संख्या बदलताच पॅटर्न निमूटपणे सोळा छिद्रे साडेबावीस अंशांवर मांडतो, पण पहिले छिद्र मात्र पंधरा अंशांवरच बसून राहते, वास्तविक ते सव्वाअकरा अंशांवर यावयास हवे होते. फ्लँज पडद्यावर निर्दोष दिसते आणि साइटवर पाइपच्या फ्लँजशी तिचा मेळ बसत नाही. पहिल्या कोनाच्या जागी आकडा न लिहिता 'एकशे ऐंशी भागिले बोल्टांची संख्या' असे सूत्र लिहिले असते तर हा अनर्थ टळला असता. मूळ फीचरची जागाही नियमाच्याच कक्षेत आणावी लागते, हे पुष्कळदा अनुभवी माणसेही विसरतात.

याहून गहन एक व्याधी आहे, ती सॉफ्टवेअरच्या प्रकृतीचीच. कड मारताना आपण पडद्यावर एक कडा निवडतो. सॉफ्टवेअर तिला स्वतःच्या सोयीने काही नाव वा क्रमांक देऊन ठेवते. मूळ घनात फेरफार झाला, एखादे छिद्र वाढले, की कडांची पुन्हा गणती होते आणि कालची सत्तेचाळिसावी कडा आज दुसरीच निघते. मग कड भलतीकडे लागते किंवा बखर मध्येच तांबडी होऊन थांबते. मोठ्या व्यापारी सॉफ्टवेअरांनी यावर फार पूर्वीपासून उपाय योजले. फ्रीकॅडमध्ये मात्र हे दुखणे वर्षानुवर्षे होते आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये निघालेल्या त्याच्या पहिल्या पूर्ण आवृत्तीत त्यास बराच उतार पडला. तरी पथ्य सर्वांनीच पाळावे : पॅटर्न कडेच्या किंवा पृष्ठाच्या आधारावर टांगू नये, मूळ प्रतले, अक्ष आणि बिंदूंचे ते एक स्केच यांच्यावरच तो उभा करावा. ही आलंबने बखरीच्या आरंभी असतात आणि पुढच्या उलथापालथीने ढळत नाहीत.

नावांविषयी दोन शब्द. सॉफ्टवेअर प्रत्येक फीचरला आपण होऊन 'कट-एक्स्ट्रूड १२', 'फिलेट ४७' असली नावे देते आणि आपण ती तशीच राहू देतो. आळसाला याहून सुरक्षित आश्रयस्थान नसेल. फीचर ट्रीमध्ये फोल्डर करता येतात. नळ्यांची छिद्रे, टाय-रॉड, नोझल, लिफ्टिंग लग असे चार फोल्डर आणि त्यांत नाव घातलेली फीचरे एवढे केले, तरी दुसऱ्याच्या हाती गेलेले मॉडेल त्यास वाचता येते. मात्र फोल्डर ही केवळ मांडणी आहे, तिने भूमितीत काडीचाही फरक पडत नाही. फोल्डरात टाकले म्हणजे गट झाला, अशी समजूत करून घेणाऱ्यांनी पॅटर्नच्या गटात त्या फीचरचे नाव आहे की नाही, हे उघडून पाहावे.

शेवटी भाराचा प्रश्न. कंगोरे आणि कड धरून एका छिद्राची पृष्ठे मोजली तर ती दहा भरतात; ५१६ छिद्रांची पाच हजार एकशे साठ. मॉडेल प्रत्येक बदलागणिक ही सारी पुन्हा रचीत बसते आणि डिझाइनर चहा पिऊन येतो. म्हणून जाणते लोक पॅटर्न बखरीच्या अगदी शेवटी ठेवतात, इतर काम चालू असता तो सप्रेस करून ठेवतात, आणि नकाशा काढण्याच्या वेळी तेवढा जागा करतात. काही सॉफ्टवेअरांत प्रत्येक अवतार नव्याने न गणता पहिल्याचीच पृष्ठे जशीच्या तशी उचलून ठेवण्याचा पर्याय असतो. तबकडी सपाट व सर्वत्र सारख्या जाडीची असल्यामुळे येथे तो निर्धास्त वापरावा. कंगोरे तर मॉडेलमध्ये न काढता केवळ नकाशावर एका मोठ्या तपशीलचित्रात दाखविले तरी बिघडत नाही, आणि कित्येक ठिकाणी तसेच करतात. पाचशे सोळा ठिकाणी ०.४ मिलिमीटरची खाच कोरून ठेवण्याचा अट्टहास हा मला तरी हौसेचा भाग वाटतो.

या सगळ्याचे चीज होते ते दुरुस्तीच्या दिवशी. समजा ग्राहकाने कळविले, की शेलमधील द्रव गाळ धरणारा आहे, नळ्यांच्या बाहेरून ब्रशने साफसफाई करता आली पाहिजे. त्रिकोणी रचनेत ब्रशला वाट नाही. चौकोनी रचना करावी लागते, पिच २५.४ मिलिमीटर करावा लागतो, आणि मग नळ्यांच्या मध्ये पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटरची सरळ गल्ली मिळते. नळ्यांची संख्या घटून चारशेच्या आसपास येते. ज्याने नकला मारल्या त्याने दोन ट्यूबशीट आणि दहा-बारा बॅफल नव्याने काढावयास बसावे. ज्याने बिंदूंचे एक स्केच सर्वांच्या डोक्यावर ठेवले आहे, तो तेवढे स्केच बदलतो. ट्यूबशीटची छिद्रे १९.३० व्यासाने त्या बिंदूंवर येतात, बॅफलची ०.४ किंवा ०.८ मिलिमीटर सैल व्यासाने येतात आणि बॅफलचा चतुर्थांश कापलेला भाग आपली छिद्रे आपणच गाळतो. असेंब्लीतील नळ्या छिद्रांच्या पॅटर्नला बांधलेल्या असल्यामुळे तितक्याच उरतात. आणि साहित्याच्या यादीत नळ्यांचा नवा आकडा हिशेबनिसाने विचारण्यापूर्वी उतरलेला असतो. खाली शॉपमध्ये बॅफलच्या चकत्या एकावर एक रचून, टाके मारून, एकत्रच भोसकतात, आणि ड्रिलिंग यंत्रास निर्देशांकांची जी यादी मिळते तीही त्याच स्केचमधून निघालेली असते.

टाय-रॉडच्या सहा जागा मात्र नव्या चौकोनी रचनेत कोठे पडाव्यात, हे पॅटर्न सांगत नाही. ते अजून डिझाइनरलाच बसून ठरवावे लागते.